घरबसल्या डीएनए टेस्ट किट: बहिणी-बहिणींचा चार्ट भारी, बाकी पानं जपून वाचा

पाचपैकी साडेतीन स्टार देतेय आणि त्यातले दोन तर एकट्या एका पानाचे आहेत, कुठलं ते खाली सांगतेच. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण थुंकी पाठवा आणि रिपोर्ट घ्या या टाइपच्या सगळ्याच किट्सचं थोड्याफार फरकाने सारखंच असतं, आणि मला बोलायचंय ते एका कंपनीपेक्षा या एकूण प्रकाराबद्दलच. आईचं, ताईचं आणि माझं असं तिघींचं सॅम्पल दिलं होतं. एकट्याने टेस्ट करून फार मजा नाही हे आधीच सांगून ठेवते, आनुवंशिकता म्हणजे काय ते दोन-तीन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवल्यावरच दिसतं.

सॅम्पल देणं सोपं आहे पण वाटतं तितकं झटपट नाही. अर्धा तास आधीपासून काही खायचं-प्यायचं नाही, मग नळीत रेघेपर्यंत थुंकायचं, आणि वरचा फेस धरायचा नाही, खाली पातळ थुंकी रेघेला टेकली पाहिजे. ताईचं तोंड कोरडं पडलं, गाल चोळत बसली होती. झाकण दाबलं की त्यातलं एक लिक्विड सुटून थुंकीत मिसळतं, ते डीएनए खराब होऊ देत नाही. आणि डीएनए येतो कुठून तर थुंकीत गालाच्या आतल्या पेशी असतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी असतात त्यांच्यातून. पॅकिंग चांगलं, सूचना चित्रांसकट, रिपोर्ट सांगितलेल्या वेळेत आला, यात काही तक्रार नाही.

आता पहिली गोष्ट जी बॉक्सवर कुठेही मोठ्या अक्षरात लिहिलेली नाही. ही टेस्ट तुमचा सगळा डीएनए वाचत नाही. माणसाच्या डीएनएत साधारण ३०० कोटी अक्षरं, म्हणजे ए, टी, जी, सी अशा नावांचे रासायनिक घटक, असतात (एका संचात, आणि असे दोन संच, एक आईकडून आणि एक बाबांकडून), आणि यांची चिप त्यातल्या सहा-सात लाख जागाच बघते. या जागा आधीच ठरलेल्या असतात, म्हणजे जिथे माणसामाणसांत फरक असतो हे आधीपासून माहीत आहे अशाच. म्हणजे हिशोब केला तर पाव टक्क्यापेक्षाही कमी. त्यात वाईट काही नाही, दोन माणसांची बहुतेक सगळी अक्षरं तशीही सारखीच असतात, फरक हजारात एखाद्या अक्षराचा, त्यामुळे फरकाच्या जागा तेवढ्या बघणं हा शहाणपणाचाच शॉर्टकट आहे. पण जाहिरातीत "तुमचा संपूर्ण जेनेटिक आराखडा" म्हणता तेव्हा जरा लाज बाळगा ना.

आणि या शॉर्टकटची एक गंमत आहे जी कोणी सांगत नाही. प्रत्येक बाळात ६०-७० च्या आसपास अशी नवीन म्युटेशन्स (डीएनएच्या अक्षरांतले बदल) असतात जी आईत पण नसतात आणि बाबांत पण नसतात, कोरी करकरीत. त्यातली बहुतेक बाबांच्या बाजूने येतात कारण शुक्राणू बनवणाऱ्या पेशी आयुष्यभर विभागत राहतात आणि प्रत्येक विभागणीत चूक व्हायला वाव, वडिलांचं वय एक वर्षाने वाढलं की हा आकडा साधारण एक-दोनने वाढतो असं आइसलँडच्या कुटुंबांवरच्या अभ्यासात दिसलंय. बहुतेक म्युटेशन्सने काहीच होत नाही. पण जिवंत जगातला सगळा नवा माल शेवटी इथूनच येतो, आहे त्याची फेरफार वेगळी आणि नवीन अक्षर जन्माला येणं वेगळं. आणि नेमकं हेच या चिपला दिसत नाही, कारण ती ओळखीच्या जागाच तपासते! माझ्यात खरोखर फक्त माझं असं जे काही आहे ते या रिपोर्टमध्ये नाहीच. ते बघायचं तर पूर्ण जीनोम सिक्वेन्सिंग, म्हणजे सगळीच्या सगळी अक्षरं वाचणं, करावं लागतं, शिवाय आईवडील दोघांचं पण.

बरं आता ते पान. नातेवाइकांची तुलना म्हणून एक टॅब आहे, त्यात दोन माणसं निवडली की क्रोमोसोमच्या (पेशीतल्या डीएनएच्या गुंडाळ्या) २२ जोड्यांच्या आडव्या पट्ट्या येतात आणि खाली तेविसाव्या जोडीतला एक्स क्रोमोसोम. आई आणि मी निवडलं तर सगळ्या पट्ट्या टोकापासून टोकापर्यंत एकाच रंगाच्या, अर्धा मॅच, कुठेही खंड नाही. बरोबरच आहे, प्रत्येक जागी माझ्याकडे एक प्रत आईची असणारच. मग ताई आणि मी निवडलं आणि चित्रच बदललं. काही तुकडे गडद, म्हणजे तिथे आम्हाला आईकडूनही तेच आलंय आणि बाबांकडूनही तेच, त्या तुकड्यापुरत्या आम्ही जुळ्याच. काही फिकट, एकाच बाजूने मॅच. आणि काही सरळ पांढरे, तिथे दोघींचं काहीच जुळत नाही, त्या पट्टीपुरत्या एकाच आईबापाच्या असून परक्या. सरासरी काढली तर पाव भाग गडद, अर्धा फिकट आणि पाव पांढरा असं यायला हवं, आणि म्हणून सख्खी भावंडं ५०% सारखी असं आपण म्हणतो. पण ती सरासरी आहे. आईशी माझं नातं चोख अर्धं, बहिणीशी मात्र ते साधारण ३७% पासून ६०% च्या वरपर्यंत कुठेही असू शकतं. आमचं पन्नासच्या जरा खालीच निघालं. ताई लगेच "म्हणूनच तू अशी आहेस".

हे असं का होतं ते त्या पट्ट्यांवर बोट ठेवून समजतं. आईकडे प्रत्येक क्रोमोसोमच्या दोन प्रती, एक तिच्या आईची आणि एक तिच्या वडिलांची. बीजांड बनताना २३ जोड्यांमधून एकेक निवडली जाते, नुसत्या या निवडीचे प्रकार दोनाचा २३ वा घात, म्हणजे सुमारे ८४ लाख. (हो, तोच ८४ लक्ष योनीवाला आकडा. योगायोग आहे. कृपया फॉरवर्ड बनवू नका.) आणि तितकेच बाबांच्या बाजूने. पण खरी मजा त्याच्याही आधी होते, दोन प्रती एकमेकींना चिकटून मधेच तुटतात आणि तुकड्यांची अदलाबदल करून परत जुळतात, क्रॉसिंग ओव्हर म्हणतात ते. आईच्या बाजूने एका बीजांडामागे अशा साधारण ४० जागा आणि बाबांच्या बाजूने २६-२७. पत्ते नुसते पिसत नाहीत तर पत्तेच फाडून अर्धे अर्धे चिकटवतात असं समजा. आमच्या चार्टवर जिथे जिथे रंग बदलतो ना तिथे कधीतरी, आम्ही जन्मायच्या आधी, आईबाबांपैकी कोणाच्या तरी पेशीत असा तुकडा तुटून जोडला गेलाय. शाळेत त्याची एक्सच्या आकाराची आकृती काढून मार्क घेतले होते, पण तो माझ्याच दोन नंबरच्या क्रोमोसोमवर अमुक ठिकाणी झालाय हे बघणं म्हणजे काहीतरी वेगळंच.

आणि एक्सची पट्टी बघायला विसरू नका, बहिणी असाल तर. आमच्या एक्सवर पांढरा तुकडा एकही नाही. कारण बाबांकडे एक्स एकच, त्याला अदलाबदल करायला जोडीदारच नाही (टोकाचा जरासा भाग वायबरोबर करतो तेवढं सोडा), त्यामुळे तो आहे तसा अख्खा दोघींना आला. म्हणजे बाबांनी सॅम्पल दिलेलंच नसताना त्यांचा एक्स चार्टवर दिसतोय. मायटोकॉन्ड्रियाचं (पेशीत ऊर्जा बनवणारे भाग, त्यांचा वेगळा छोटा डीएनए असतो) तर अजून सोपं, ते फक्त आईकडून, तिघींचं हुबेहूब एक. एवढं एक पान शाळेतल्या मुलांना दाखवलं तर अख्खा धडा संपेल, आणि कंपनीने ते कुठे ठेवलंय तर तिसऱ्या मेन्यूत तळाला. पहिल्या पानावर काय तर "तुमचा फिटनेस टाइप".

तर हे ट्रेट्सवालं, म्हणजे अंगच्या गुणांचं सेक्शन. इथे चांगलं आणि भंगार एकाच ताटात वाढलंय. चांगलं म्हणजे जिथे खरंच एकाच जीनमधल्या (जीन म्हणजे काम ठरलेला डीएनएचा तुकडा) एका अक्षराने काम होतं. कानातला मळ ओला की सुका हे एबीसीसी११ नावाच्या जीनमधल्या एका अक्षरावर ठरतं, दोन्ही प्रतींत ए असेल तर सुका, एक जरी जी असेल तर ओला. तिघींचं बरोबर आलं (कसं तपासलं ते विचारू नका). कडू चव लागण्याचा जीन पण ठीक, त्याची गोष्ट पण मस्त आहे, १९३१ च्या सुमाराला आर्थर फॉक्स नावाच्या केमिस्टच्या लॅबमध्ये पीटीसी नावाची पावडर उडाली तर शेजारच्याला तोंडात कडूजहर लागलं आणि फॉक्सला स्वतःला काहीच नाही. पुढे कळलं की हे घराण्यात चालतं.

पण त्याच पानावर, त्याच फॉन्टमध्ये, "तुम्ही जीभ गुंडाळू शकता: शक्यता जास्त". अरे! हे १९४० मध्ये अल्फ्रेड स्टर्टेव्हंटने सुचवलं होतं, हा माणूस साधासुधा नाही, विद्यार्थी असतानाच १९१३ मध्ये जीन्सचा जगातला पहिला नकाशा काढणारा. पण १९५२ मध्ये एकसारख्या जुळ्यांवर तपासलं तर ३३ पैकी ७ जोड्यांत एकाला जमत होतं आणि दुसऱ्याला नाही. डीएनए तोच असून. पुढे स्टर्टेव्हंटने स्वतःच लिहिलं की हे अजून पुस्तकांत छापलेलं बघून आपल्याला ओशाळल्यासारखं होतं. आणि हे लोक ते आजही विकतायत.

मूळ घोळ काय आहे तर आपल्या सगळ्यांच्या डोक्यात मेंडेलचे वाटाणे बसलेत. त्याने १८६६ मध्ये जे छापलं ते चूक नव्हतंच, पण त्याने मुद्दाम असे सात गुण निवडले होते जे एक तर असे किंवा तसे, गोल नाहीतर सुरकुतलेले, पिवळे नाहीतर हिरवे, मधलं काही नाही. माणसाचं बहुतेक सगळं मधलंच असतं. उंचीचंच घ्या. २०२२ मध्ये ५४ लाख लोकांचा डेटा घेऊन उंचीचा अभ्यास छापला गेला, त्यात उंचीशी संबंधित १२,१११ जागा सापडल्या. बारा हजार! प्रत्येक जागेचा वाटा मिलिमीटरच्या हिशोबातला. आणि एवढ्या सगळ्या मिळून युरोपियन वंशाच्या लोकांत उंचीतल्या फरकाचा साधारण ४०% भाग समजतो, इतरांमध्ये फक्त १० ते २०%, कारण अभ्यासात लोकच बहुतेक युरोपियन वंशाचे होते. आता माझ्या रिपोर्टमध्ये उंचीचा अंदाज दिलाय तो अशा जागांची बेरीज करून काढलेल्या स्कोअरवरच, आणि तो कोणत्या लोकांच्या डेटावर बनवलाय त्याचा उल्लेख कुठे आहे तर सगळ्यात खाली, करड्या रंगात, बारीक टायपात. तो चुकलाच, माझाही आणि ताईचाही.

शिवाय "उंची ८०% आनुवंशिक" हे वाक्य रिपोर्टमध्ये असं टाकलंय की वाचणाऱ्याला वाटतं माझ्या उंचीतले ८०% सेंटीमीटर आईबाबांकडून आले आणि उरलेले दुधाने वाढले. तसं नसतंय ते. तो आकडा एका माणसाचा नसतोच, तो एका लोकसमूहातल्या माणसामाणसांमधल्या फरकाचा असतो, त्या वेळच्या त्या परिस्थितीतला. परिस्थिती बदलली की सगळेच्या सगळे वर सरकू शकतात. दक्षिण कोरियात १८९६ च्या सुमाराला जन्मलेल्या बायका आणि १९९६ च्या सुमाराला जन्मलेल्या बायका यांच्या सरासरी उंचीत २० सेंटीमीटरचा फरक पडलाय, शंभर वर्षांत. जीन्स काही तीन-चार पिढ्यांत एवढे बदलत नाहीत, बदललं ते खाणं, आजारपणं आणि राहणीमान.

आणि डीएनए शंभर टक्के तोच असला तरी नग सारखा निघेल याची गॅरंटी नाही. डिसेंबर २००१ मध्ये टेक्सासमध्ये मांजराचं पहिलं क्लोन जन्मलं, नाव सीसी. मूळ मांजर तिरंगी, केशरी-काळे-पांढरे ठिपके, आणि सीसीच्या अंगावर केशरीचा पत्ताच नाही. कारण मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्सपैकी एक बंद पडलेला असतो, केशरी रंगाचा जीन एक्सवर असतो, आणि जिच्यापासून क्लोन केलं त्या पेशीत केशरीवाला एक्स बंद होता. तोच संच, पण कुठला भाग चालू आणि कुठला बंद यावर अंगावरचा रंग ठरला. हे चालू-बंद प्रकरण रिपोर्टमध्ये शून्य आहे. थुंकीतल्या अक्षरांवरून ते कळणार तरी कसं म्हणा, पण निदान एका ओळीत सांगा की बाबा असंही काही असतं.

फिटनेसवालं पान तर मी सरळ बंद केलं. एसीटीएन३ नावाच्या जीनवरून "तुम्ही स्प्रिंटर टाइप". जगातल्या बऱ्याच लोकांत या जीनच्या दोन्ही प्रती बंद असतात आणि ती माणसं मजेत पळतात, उड्या मारतात, सगळं करतात. अगदी वरच्या पातळीच्या स्प्रिंटर्समध्ये चालू प्रत जास्त दिसते हे खरं, पण त्यावरून घरातल्या पोराला कुठल्या खेळात घालायचं ते ठरवणं म्हणजे कमाल आहे, २०१५ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन असल्या टेस्ट टॅलेंट शोधायला वापरू नका असं चक्क लिहून दिलंय.

हेल्थबद्दल सिरियसली बोलते कारण इथे नुकसान होऊ शकतं. कॅरियर रिपोर्ट मला उपयोगाचा वाटला, म्हणजे सिकल सेलसारखे आजार, जिथे हिमोग्लोबिनच्या जीनमधलं एकच अक्षर बदललेलं असतं आणि एक प्रत असेल तर सहसा काही त्रास नाही, दोन्ही प्रती तशा आल्या तर आजार. दोघं जोडीदार कॅरियर असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. प्रत्येक वेळी नव्याने हां. "पहिल्याला झालं म्हणजे पुढची तीन सुटली" असं नसतं, आणि हे त्यांच्या समुपदेशक बाईंनी फोनवर आईला इतकं नीट समजावलं की एक स्टार त्यांचाच. फोनची सोय जादा पैसे देऊन आहे, घ्याच.

पण कॅन्सरच्या भागात "व्हेरियंट (जीनमधला बदल) सापडला नाही" हे हिरव्या टिकमार्कसकट येतं आणि माणूस खुश होतो. होऊ नका. अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये अशा एका घरगुती टेस्टला बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरशी संबंधित जीन्ससाठी परवानगी दिली तेव्हा ती फक्त तीन व्हेरियंट बघत होती, तेही प्रामुख्याने अश्केनाझी ज्यू लोकांत सापडणारे, आणि त्या दोन जीन्समधले माहीत असलेले व्हेरियंट हजारापेक्षा जास्त आहेत. मग हिरव्या टिकचा अर्थ काय राहिला? आणि उलट बाजूनेही सांभाळा, रॉ डेटा (तपासलेल्या सगळ्या अक्षरांची कच्ची फाइल) डाउनलोड करून दुसऱ्या साइटवर टाकायची फॅशन आहे, २०१८ मध्येच एका लॅबने असे रॉ डेटातले व्हेरियंट परत तपासले तर ४०% मुळात नव्हतेच. घरात लहान वयात कॅन्सर झालेलं कोणी असेल तर हे किट बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकरवी व्यवस्थित टेस्ट करा.

वंशावळीच्या टक्केवारीवर फार लिहीत नाही. २०१९ मध्ये कॅनडाच्या सीबीसीने एकसारख्या जुळ्या बहिणींचे नमुने पाच कंपन्यांना पाठवले, पाचही ठिकाणांहून वेगवेगळे नकाशे आले आणि काही ठिकाणी तर बहिणी-बहिणींचे पण जुळले नाहीत. टक्के हे त्या कंपनीकडे तुलनेसाठी कोणाकोणाचे नमुने आहेत त्यावर ठरतात. टाइमपास म्हणून बघा.

प्रायव्हसीचं मात्र थुंकायच्या आधी वाचा. रिसर्चसाठी डेटा वापरण्याची संमती आणि सॅम्पल साठवून ठेवण्याची संमती असे दोन वेगळे चौकोन आहेत, दोन्ही आधीच टिक केलेले होते, हे मला अजिबात आवडलं नाही, अर्धा स्टार तिथेच गेला. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या मोठ्या कंपनीतून ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली, मार्च २०२५ मध्ये ती दिवाळखोरीत गेली आणि मग सगळ्यांना प्रश्न पडला की आता आपल्या थुंकीचा मालक कोण. पासवर्ड बदलता येतो, डीएनए नाही. आणि तो एकट्याचा नसतोच, वर सांगितलं ना बाबांचा एक्स आम्हाला त्यांनी न देताच दिसला, तसंच २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात जुन्या खुनांचा आरोपी त्याच्या लांबच्या नातेवाइकांनी एका साइटवर टाकलेल्या डीएनएवरून सापडला. तिथे चांगलंच झालं, पण मुद्दा लक्षात आला असेल. घरातल्यांना विचारूनच करा.

कोणी घ्यावं विचाराल तर ज्यांच्याकडे निदान एक सख्खं भावंड आणि आईबाबांपैकी एक जण थुंकायला तयार आहे त्यांनी. एकटे असाल तर एवढ्यासाठी नका घेऊ.

अपडेट: जीभ गुंडाळण्याच्या पानाबद्दल मेल टाकला होता, उत्तर आलं की ते "फक्त मनोरंजनासाठी" आहे. मग ते कॅरियर रिपोर्टच्या शेजारी त्याच रंगात त्याच टिकमार्कसकट का आहे असं परत विचारलं, तर "तुमचा अभिप्राय संबंधित टीमला पाठवला आहे" एवढंच. सॅम्पल नष्ट केल्याचा मेल मात्र तिघींनाही आला.